बैठकीतलं मशीन

आमच्या घरात जी वस्तू जपायची असते, ती झाकून ठेवतात. टीव्हीवर विणलेला रुमाल, मिक्सरला फुलाफुलांची पिशवी, शिलाई मशीनवर धुतलेली चादर. त्यामुळे लेकीनं नांदेडहून आपला कॉम्प्युटर घरी आणला, तेव्हा मी सगळ्यात आधी त्याला झाकण शिवलं. माझी एक बरी साडी होती, तिचा काठ कापून खाली झालर लावली. वायरी बाहेर यायला मागून चिरा ठेवल्या. ते घातल्यावर मशीन आपल्या घरातलं दिसायला लागलं, असं मला वाटलं.

लेक अंघोळ करून आली तेव्हा मशीन चालू होतं आणि आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येत होता. तिनं ओल्या हातानंच झाकण ओढून काढलं.

"आई, नाकावर उशी दाबलीस की गं त्याच्या."

"धूळ बसती म्हणून घातलं."

"धुळीनं मरायला त्याला वर्ष लागंल. ह्यानं आजच मेलं असतं."

मग तिनं मला त्याची एक बाजू उघडून दाखवली. पाच किलो पिठाच्या डब्याएवढं ते मशीन. लोकांकडं मोठ्या पेटीसारखं असतं, तुझंच एवढं काहून, असं मी विचारलं. ती म्हणाली, वसतिगृहात खाटेखाली मावायला पाहिजे होतं आणि सुट्टीला येताना एसटीत मांडीवर घ्यायला. सगळे भाग वेगवेगळे आणून तिनं स्वतः जोडलेलं होतं. आत पाहिलं तर फाट्यावरच्या काळीपिवळी जीपमध्ये माणसं बसवतात तसं सगळं एकमेकांच्या अंगावर. मोठ्या पेटीत हवेला फिरायला जागा असते. ह्यात एका बाजूच्या जाळीतून गार हवा आत यायची, तापलेल्या भागांवरून जायची आणि वरच्या जाळीतून बाहेर पडायची, एवढीच एक वाट. ती वाट कुठं अडली की मशीन तापणार आणि फार तापलं की जळू नये म्हणून आपलं आपण बंद पडणार.

"म्हणजे चुलीसारखं," मी म्हणाले. "खालून हवा, वरून धूर."

"हां, तसंच. फक्त ह्यात आग लागू द्यायची नाही."

लेकीचं काम लग्नाच्या फिल्मा जोडायचं. वसमतच्या एका स्टुडिओवाल्याची पोरं लग्नात शूटिंग करायची आणि डिस्क एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायची. शिरड शहापूरच्या पुढं आमचा फाटा आहे, तिथं लेक ती उतरवून घ्यायची. मग हळद, सीमांतपूजन, अक्षता, पाठवणी, असं सगळं निवडून, गाणं लावून, रंग करून ती फिल्म बनवायची. मी मागं बसून बघायची. ओळख ना देख, पण कुठल्या नवरीचा मामा नाचताना पडला आणि कुठल्या वरमाईनं जेवताना नाक मुरडलं, ते मला सगळं पाठ. हे काम तिला मिळालं म्हणून तिच्या लग्नाची घाई थांबली होती. काम गेलं असतं तर घरात पुढं काय बोलणं निघालं असतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिला कुठं द्यायची हे तिच्या मोठ्या बाबांनी मनात ठरवूनच ठेवलं होतं.

मोठे बाबा म्हणजे माझे मोठे दीर. आमच्याकडं भासरे म्हणतात. भासऱ्यांसमोर आमच्यात पदर डोक्यावर घेतात, खाटेवर बसत नाहीत, समोरासमोर बोलत नाहीत. वस्तूसुद्धा हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची, मग त्यांनी उचलायची. त्यांना काही सांगायचं तर लेकराला मध्ये घालून सांगायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. काय म्हणून मारायची हेही मला ठाऊक नव्हतं. तसा माझा स्वभावच कमी बोलण्याचा. चार यत्ता शिकले, पण वर्गातही मी कधी उठून उत्तर दिलं नाही. हे सगळं मी कुणासाठी लिहीत नाही, म्हणून लिहिता येतं.

चैत्र संपता संपता ऊन असं पडलं की आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तांब्याला हात लावला तरी चटका बसायचा. लग्नं ऐन त्याच दिवसांत असतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात लेकीनं एक आकडा ठेवला होता, मशीनच्या आतल्या तापाचा. सकाळी तो हिरवा असायचा. ऊन वर आलं की पिवळा आणि जेवणाच्या वेळेला लाल. त्यात हळदीच्या गाण्यात सावकाश हालणारी चित्रं लावली की मशीनला फार जड जायचं. पंखे जोरात ओरडायचे, मग एकदम शांत. स्क्रीन काळी. तेवढं काम पहिल्यापासून.

आम्ही काय काय केलं. आधी ते दोन विटांवर उचलून ठेवलं. मग एका बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावला. पण ते दिवस आमच्या अंगणात हळद पॉलिश करायचे. हळकुंडं घासायचा ड्रम फिरला की पिवळी धूळ घरभर. फॅननं ती सगळी मशीनच्या आत नेली. लेकीनं ब्रशनं आतले पंखे झाडले तर भंडारा उधळल्यासारखी हळद खाली पडली. पत्रा परत लावला आणि जाळीवर तिच्या जुन्या ओढणीचा एक पातळ तुकडा ताणून बसवला, रोज झटकायचा. पंख्याच्या खाली ताप ओढून घ्यायला एक पांढरी मलई लावलेली असते, ती वाळली होती. तीही तिनं पुसून नवीन लावली. आकडा थोडा खाली आला, दोन दिवस बरं चाललं, मग ऊन अजून वाढलं.

भासऱ्यांनी बाहेरून सल्ला दिला, लेकीला. "कूलर लाव की त्याच्यापुढं. माणसाला चालतं ते डब्याला न्हाई चालत व्हय?"

"ओल येती मोठे बाबा. आतल्या पट्ट्यांना पाणी चालत नाही."

"मग काय कामाचं. हिंगोलीला जाऊन इकून टाक. ह्यापरीस म्हैस बरी. तापली तर पाण्यात बसती तरी."

जाऊबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघी मायलेकी त्या डब्यापुढं बसून राहतात, कोंबडी अंड्यावर बसल्यासारख्या. काय निघंल तवा मला सांगा."

कूलर आम्ही तरी एकदा लांब ठेवून पाहिला. आमच्या बोअरचं पाणी खारं. संध्याकाळी लेकीनं मशीनच्या जाळीवरून बोट फिरवलं, तर बोटाला चिकट पांढरं लागलं. तिनं कूलर ओढून बाहेर नेला.

त्या दिवशी तिनं मला एक गोष्ट समजावली. "आई, पंखा काहीच गार करत नाही. तो नुसती हवा पुढं ढकलतो. खोलीतली हवाच तापलेली असली तर तो तापलेलीच हवा आत ढकलणार. मशीनचं काही चुकलेलं नाही. चुकली ती खोली."

आमच्या घरात गार खोली एकच. समोरची बैठक. बाकी सगळ्या खोल्यांवर पत्रे आले, बैठकीवर मात्र जुनं माळवद तसंच आहे. लाकडं, त्यावर पाला, त्यावर हातभर माती. भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. वैशाखात बाहेर डोळे दिपत असले तरी आत गेलं की अंगावरचा घाम सुकतो. तिथं भासऱ्यांची बाज, दुपारी पत्ते खेळायला त्यांचे सोबती, कोपऱ्यात बियाण्याच्या हळदीची पोती. आम्ही बायका तिथं झाडायला जायचो आणि चहाचा ट्रे उंबऱ्याच्या आत ठेवून परत यायचो. इतकी वर्षं मी ती खोली सारवली, पण तिथं बसले नव्हते.

एक मोठं लग्न होऊन गेलेलं. त्या फिल्मचा नवरदेवाच्या घरी कार्यक्रम होता, पाहुणे येणार होते. लेकीचं मशीन त्या सकाळपासून चालायचं आणि बंद पडायचं. दुपारी स्टुडिओवाल्याचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर लावला होता, मी ऐकला.

"ताई, उद्या दुपारच्या गाडीनं डिस्क पायजे. तुमचं काम चांगलं हाय, पण हर वेळेला बंद पडलं, बंद पडलं, असं किती दिवस ऐकू? उद्या न्हाई आली तर मी सगळंच काम नांदेडला देतो. माझा इलाज न्हाई."

"येईल दादा."

फोन ठेवून ती डोक्यावर ओला टॉवेल घेऊन भिंतीला टेकून बसली. रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती. ती स्क्रीनकडं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आपलं घर सगळंच तापत नाही ना गं. एक खोली तापत नाही."

भासरे आणि लेकीचे बाबा त्या दिवशी कनेरगाव नाक्याला लग्नाला गेलेले होते. मी उठले, मशीनच्या वायरी तिला काढायला लावल्या आणि ते उचललं. हातात ते गरम होतं, ताप आलेल्या लेकरासारखं. बैठकीत जाऊन बाज भिंतीकडं सरकवली, आमच्या खोलीतलं टेबल खिडकीखाली आणलं. लेकीनं भिंत आणि मशीन यांच्यामध्ये वीतभर जागा सोडायला सांगितली, तापलेली हवा बाहेर पडून परत आत ओढली जाऊ नये म्हणून. हळदीची पोती दूर केली. वरचं आळं उघडलं, म्हणजे माळवदाला असतं ते उजेडाचं भोक.

मशीन सुरू झालं. आकडा पिवळ्यात गेला, तिथंच थोडा थांबला आणि खाली उतरला. हळदीचं गाणं आलं, सावकाश नाचणारी माणसं आली, तरी तो लाल झाला नाही. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते. "बस ना," ती म्हणाली. मी पोत्यावर बसले.

दिवेलागणीला दोघे भाऊ आले. भासऱ्यांनी दारात चपला काढल्या, आत पाहिलं आणि तिथंच थांबले. मी पदर ओढून भिंतीला लागले.

"हे काय हाय?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मोठे बाबा, तिकडं फार तापतं. उद्या काम द्यायचं आहे."

"तुझ्या मायला सांग, बैठक म्हंजे काय दुकान न्हाई. सकाळपस्तोर हे उचललेलं पायजे."

मी ऐकलं. लेकीचे बाबा मागं उभे होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं आणि पाणी प्यायला आत गेले. त्यांचा राग मला तेव्हा आला, अजूनही थोडा आहे. ते वाईट नाहीत. दोन माणसं भांडली की त्यांना तहान लागते, एवढंच.

सकाळ झाली. मी अंगण झाडलं, चहा केला, भाकरी केल्या आणि बैठकीकडं गेलेच नाही. माझं उत्तर तेवढंच होतं. लेक उजाडताच तिथं जाऊन बसली होती. काम सगळं जोडून झालं होतं. आता मशीन सगळी फिल्म एकत्र बांधत होतं आणि त्याला दुपारपर्यंतचा वेळ लागणार होता. त्यात मध्ये बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग गाडी गेली असती.

भासरे अंघोळ करून आले, बैठकीत डोकावले आणि ओसरीवर गेले. मला वाटलं, माघार घेतली. थोड्या वेळानं लेकीची हाक आली.

"आई, लाईट गेली का?"

स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. मी ओसरीवर जाऊन पाहिलं. भिंतीवरच्या बोर्डात तीन फ्यूज असतात, त्यातला बैठकीचा काढलेला. नुसती रिकामी खोबण.

आत मशीनला जोडलेली, लाईट गेल्यावर घटकाभर चालणारी बॅटरी टी टी करत होती. "ही थोडीच टिकते," लेक म्हणाली. "बंद पडलं तर संपलं." ती उठायला लागली. मी तिला हातानं खाली बसवलं. ती गेली असती तर पोरगी उलटून बोलली असं झालं असतं आणि ते बोलणं तिच्या लग्नापर्यंत गेलं असतं. माझं लग्न होऊन गेलेलं आहे. माझं कोण काय करणार होतं.

आमच्या दारासमोर लिंबाला दगडी पार आहे. बैठक अडली म्हणून पत्त्यांचा डाव आज तिथं मांडला होता. भासरे, त्यांचे तिघे सोबती आणि कडेला लेकीचे बाबा. मी पदर नीट केला आणि चालत गेले. पळत गेले नाही. पाराजवळ जाऊन उभी राहिले, तर सगळ्यांचे हात थांबले.

"फ्यूज द्या," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. भासऱ्यांनी मान वर केली नाही. धाकट्या भावाला म्हणाले, "घरात जा म्हनावं तिला."

लेकीचे बाबा पत्त्यांकडं बघत राहिले. सोबत्यांपैकी एकजण हसला. "अरे, हिला आवाज हाय व्हय? मला इतके दिवस वाटलं मुकीच हाय."

बाकीचे हसले. माझे कान तापले. तिथून परत फिरावं असं पायांना वाटत होतं, पण मागं ती बॅटरी ओरडत होती, मला इथपर्यंत ऐकू येत होती.

"लेकीचं काम चालू हाय. फ्यूज द्या."

आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बैठक काय बायांच्या कामाची जागा हाय का?"

"ती थंड जागा हाय. मशीनला थंड जागा पायजे. घरात दुसरी असली तर दाखवा, आत्ता तिथं नेते."

ते हातातले पत्ते जुळवायला लागले. ती खोली थंड आहे म्हणून तर ते स्वतः रोज तिथं निजतात.

"उन्हात उभं राहायची मला सवय हाय," मी म्हणाले. "मी इथंच उभी राहते."

मघाशी हसलेला माणूसच म्हणाला, "देऊन टाक रे बाबा. डाव अडून राहिला."

भासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून फ्यूज काढला. माझ्या हातात दिला नाही. रीतीप्रमाणे पाराच्या दगडावर ठेवला, पत्त्यांच्या शेजारी. मी तो उचलला. चिनीमातीचा तुकडा, त्यांच्या खिशात राहून कोमट झालेला.

ओसरीवर आल्यावर मेन बंद केला, फ्यूज बसवला, मेन चालू केला. हे मी घरात कितीदा केलेलं आहे, त्यात विशेष नाही. आतली टी टी थांबली. मी दारातून विचारलं, "गेलं का?"

"नाही," लेक म्हणाली. "चालू आहे."

मी बैठकीत जाऊन बसले, या वेळी पोत्यावर नाही, बाजेवर. जाऊबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ओट्यावरून पाहिलं होतं.

"लई बोललीस," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आता माझ्यावर निघंल सगळं. भाजीत मीठ जास्त झालं म्हनून." त्यांनी आत पाय टाकला, इकडं तिकडं पाहिलं. "गार हाय गं इथं. मरणाची गार हाय. अन् आमी तिकडं पत्र्याखाली भाजून राहिलो." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सरक जरा."

मी सरकले. आम्ही दोघी अनोळखी नवरीची पाठवणी पाहत बसलो. जाऊबाईंना नवरदेव पसंत पडला नाही.

फिल्म वेळेत झाली. लेक डिस्क घेऊन स्वतः फाट्यावर गेली, ड्रायव्हरच्या हातात देऊन आली. संध्याकाळी स्टुडिओवाल्याचा फोन आला, मिळाली म्हणून. आणि दुसऱ्या लग्नाची डिस्क उद्या सकाळच्या गाडीनं पाठवतो म्हणाला.

भासरे जेवायच्या आधी बैठकीच्या दारात आले. मी तिथंच होते. उठून उभी राहिले, पदर डोक्यावर होताच.

"तुझ्या मायला विचार," ते लेकीला म्हणाले, "काम झालं ना? मग हे कवा हलवनार?"

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला मध्ये पडू दिलं नाही.

"हलवनार न्हाई," मी म्हणाले. "उद्या दुसरं काम येऊन राहिलं. तुमची बाज इथंच हाय. तुमी झोपा. डबा कुणाच्या अंगावर पडत न्हाई."

"अन् माझ्याकडं चार माणसं आली तर?"

"त्यांना बी बसू द्या. चहा पोचंल."

"किती दिवस हे?"

हे त्यांनी मला विचारलं. लेकीला नाही, भिंतीला नाही, मला.

"काम हाय तोवर," मी सांगितलं.

ते बाजेपर्यंत गेले, उशी उचलली आणि ओसरीवर निजायला गेले. आठवडाभर ओसरीवरच निजले. मग एका दुपारी ऊन फारच झालं, तेव्हा आत आले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. लेक काम करत राहिली. मी पोत्यावर बसून हळदीचं बियाणं निवडत राहिले. कुणी कुणाला उठ म्हणालं नाही. गावात बायका मला विचारतात, तुला भीती नाही वाटली का गं. वाटली. अजून वाटते. बाहेरचं माणूस आलं की माझी जीभ आजही जड होते आणि मी पदर पुढं ओढते. लाजरेपणा गेला असं मी म्हणणार नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. पण ते टेबल खिडकीखालचं हलणार नाही. पावसाळा लागला की हवा दमट होईल, तेव्हा मशीनचं काय करायचं ते लेक ठरवेल. कुठं ठेवायचं ते मी ठरवलेलं आहे.